मोटरचा गतिनियंत्रक आणि त्याचे शेजारी

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. तोटी सोडली की पाणी यावे, एवढीच घरातील माणसांची अपेक्षा असते. परंतु साळावली धरणाचे किंवा ओपा येथील केंद्रात शुद्ध झालेले पाणी डोंगरउतारावरील वाड्यांपर्यंत पोहोचावयाचे, तर वाटेत ते ठिकठिकाणी पंपाने उंच टाकीत चढवावे लागते. पंप फिरविणारी विजेची मोटर आणि त्या मोटरला चालविणारी, भिंतीवर बसविलेली लोखंडी पेटी यांच्याकडे पाणी बंद पडेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

ह्या पेटीत पूर्वी साधा स्टार्टर असे. हिरवे बटण दाबले की मोटर पूर्ण वेगाने फिरे, तांबडे दाबले की थांबे; मधला वेग तिला ठाऊकच नसे. आता पुष्कळ ठिकाणी स्टार्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक गतिनियंत्रक आला आहे. बाजारात त्याला ‘ड्राइव्ह’ किंवा ‘व्हीएफडी’ म्हणतात. पंपघरे, भातगिरण्या, शीतगृहे, वेर्णा आणि कुंडई यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, अशा सर्व ठिकाणी तो दिसतो. मोटर हळूहळू सुरू करणे, गरजेइतक्याच वेगाने चालविणे आणि विजेची बचत करणे ही त्याची कामे. पाण्याच्या पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती सुमारे ५१ टक्केच लागते. मात्र हा हिशेब जेथे पंपाला मुख्यतः नळातील घर्षणाशी झुंजावे लागते तेथे लागू पडतो. उंच टाकीत पाणी चढविताना वेग कमी केल्याने टाकीची उंची काही कमी होत नाही, त्यामुळे बचत त्याहून बरीच कमी होते. विक्रेत्याच्या पत्रकात हा भाग असलाच तर बारीक अक्षरांत असतो.

गतिनियंत्रक बसविल्यानंतर पुष्कळदा काही चमत्कारिक तक्रारी सुरू होतात. टाकी अर्धी रिकामी असताना ती भरल्याचा संकेत येतो आणि पंप आपोआप थांबतो. शेजारच्या घरातील रेडिओवर मध्यम लहरींचे केंद्र लावले की खरखर ऐकू येते. गळतीरक्षक स्विच, म्हणजे ज्याला वायरमन ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात तो, दिवसातून चार वेळा पडतो. दुरुस्तीला आलेला माणूस मोटर तपासतो, ती ठणठणीत निघते. सेन्सर बदलतो, तरी तेच. शेवटी कोणीतरी गळतीरक्षकाला बगल देऊन तार जोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मोटरची अर्थिंगची तारच सोडून टाकतो. तक्रार थांबते, पाणी येऊ लागते आणि ओल्या फरशीच्या त्या पंपघरात एक जीवघेणा धोका कायमचा मुक्कामाला येतो.

ह्या सर्व तक्रारींचे मूळ एकच आहे. एका विद्युत् उपकरणाने दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणू नये आणि दुसऱ्याने आणलेला माफक व्यत्यय स्वतः सोसावा, ह्या गुणाला विद्युतचुंबकीय सुसंगती असे म्हणतात. गतिनियंत्रकाच्या बाबतीत ही सुसंगती कारखान्यातून पेटीबरोबर पुरी तयार होऊन येत नाही. तिचा मोठा भाग पेटी बसविताना, केबल ओढताना आणि अर्थिंग जोडताना घडतो किंवा बिघडतो.

व्यत्यय निर्माण कसा होतो

घरात येणारा विजेचा दाब सेकंदाला ५० वेळा मंदपणे चढतो आणि उतरतो. गतिनियंत्रक हा चढउतार प्रथम सपाट करतो. ४१५ व्होल्टच्या तीन फेजच्या पुरवठ्यापासून पेटीच्या आत सुमारे ५८० व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. त्यानंतर अतिजलद इलेक्ट्रॉनिक स्विच ह्या दाबाचे सेकंदाला काही हजार तुकडे पाडतात आणि ते तुकडे कमीअधिक रुंदीचे ठेवून मोटरला हव्या त्या वारंवारतेचा प्रवाह पुरवितात. हे काम करणारा आयजीबीटी नावाचा अर्धवाहक बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विकसित केला. बालिगा यांचा जन्म मद्रासचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथील आय.आय.टी.चे. ह्या कार्याबद्दल २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार देण्यात आला. आजच्या गतिनियंत्रकाचा लहान आकार आणि अल्प वीजव्यय यांचे श्रेय मुख्यतः ह्या अर्धवाहकाकडे जाते.

त्याच्या गुणातच त्याचा दोषही आहे. हा स्विच सुमारे ०.१ मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, शून्यावरून ५८० व्होल्टवर उडी मारतो. उडी जितकी तीव्र, तितका पेटीत तापून वाया जाणारा विजेचा भाग कमी; पण तितकाच आजूबाजूला पसरणारा व्यत्ययही अधिक. नळाची झडप सावकाश बंद केली तर काही होत नाही, पण एकदम बंद केली तर सबंध नळ हादरतो. तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे झडप सेकंदाला हजारो वेळा उघडते आणि मिटते. ह्या धक्क्यांतून १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचे आणि त्याहूनही वरचे स्पंद उठतात. रेडिओच्या मध्यम लहरी सुमारे ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात; त्या ह्या पट्ट्यात बरोबर सापडतात. विज्ञानाच्या शिक्षकांना हे वर्गाला सहज दाखविता येईल. पेशींवर चालणारा मध्यम लहरींचा लहान रेडिओ कोणतेही केंद्र न लावता पंपघराच्या बाहेर भिंतीजवळ धरावा आणि मोटर सुरू होण्यापूर्वीचा व नंतरचा आवाज ऐकावा. पंपघराच्या आत मुलांना नेऊ नये.

हे स्पंद मोटरच्या केबलमध्येच बंदिस्त राहत नाहीत. केबलची तार आणि तिच्या जवळचे अर्थ केलेले धातू यांच्यामध्ये रबराचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असते. दोन धातू आणि मध्ये निरोधक असे जेथे जेथे असते तेथे एक लहानसा कंडेन्सर आपोआप तयार होतो. मोटरमधील गुंडाळी आणि तिचे लोखंडी अंग यांच्यामध्येही तसाच असतो. ५० हर्ट्झच्या विजेला हा लहान कंडेन्सर जणू दिसतच नाही. पण ५८० व्होल्टची तीव्र उडी त्यातून पलीकडे जाते आणि प्रत्येक उडीबरोबर क्षणभर काही अँपिअरपर्यंतचा प्रवाह मोटरच्या अंगात आणि तेथून अर्थमध्ये शिरतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व सूचनांचा अर्थ उलगडतो. कोणताही विद्युत् प्रवाह जेथून निघाला तेथे परत जातो. मोटरच्या अंगात शिरलेला हा प्रवाह जमिनीत जिरून जात नाही. त्याला गतिनियंत्रकाकडे परतावयाचे असते. कुळागरात पाण्याला पाट करून दिला तर ते पाटाने जाते. पाट बुजला तर शेजाऱ्याच्या आगरातून वाट काढते. परतीची जवळची, रुंद वाट तंत्रज्ञाने करून दिली नाही, तर हा प्रवाह सेन्सरच्या तारेतून, पाण्याच्या लोखंडी नळातून किंवा पुरवठ्याच्या तारांतून शेजाऱ्याच्या घरापर्यंत जाऊन मग परततो.

मीठ-कोळशाचा खड्डा आणि त्याची मर्यादा

व्यत्ययाची तक्रार आली की अनुभवी वायरमनही पहिला उपाय सुचवितो तो अर्थिंगचा नवा खड्डा खणण्याचा. मीठ आणि कोळसा घालून, पाणी ओतून खड्डा तयार होतो; तक्रार मात्र तशीच राहते. गोव्यातील जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि तिचा रोध वाढतो, हे खरे आहे. सुरक्षिततेसाठी चांगला खड्डा असणे आणि त्याची नियमित तपासणी होणे आवश्यक आहे, हेही खरे आहे. पण व्यत्ययाशी ह्या खड्ड्याचा संबंध फार थोडा येतो.

त्याचे कारण आकड्यांत सांगता येईल. एक मीटर लांबीच्या साध्या गोल तारेचे प्रवर्तन सुमारे १ मायक्रोहेन्री असते. ५० हर्ट्झच्या विजेला ही तार ०.०००३ ओहमइतकाच अडथळा करते, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्याच तारेचा अडथळा १ मेगाहर्ट्झला सुमारे ६ ओहम आणि १० मेगाहर्ट्झला सुमारे ६३ ओहम होतो. तार जाड घेतल्याने ह्यात फारसा फरक पडत नाही. ती आखूड आणि पट्टीसारखी रुंद घेतल्याने पडतो. खड्डा पंपघरापासून दहा मीटर दूर असेल, तर व्यत्ययाच्या प्रवाहाच्या दृष्टीने तो जवळजवळ नसल्यासारखाच आहे. शिवाय त्या प्रवाहाला खड्ड्यात जावयाचेच नसते.

म्हणून एकाच वेळी दोन प्रकारचे अर्थिंग सांभाळावे लागते. खड्ड्याकडे जाणारे अर्थिंग माणसाच्या जिवासाठी असते. दुसरे असते ते धातूचे धातूशी जवळचे, रुंद आणि थेट बंधन. पेटी, पॅनेल, केबलचे कवच, मोटरचे अंग, पंपाचा लोखंडी पाया आणि नळ ही सर्व आखूड, रुंद पट्ट्यांनी किंवा विणलेल्या तांब्याच्या फितीने एकमेकांस जोडलेली असावीत. गतिनियंत्रक रंगविलेल्या पत्र्यावर बसविण्याऐवजी जस्तलेपित, उघड्या धातूच्या पाठपत्र्यावर बसवावा. रंग असल्यास स्क्रूच्या जागी तो खरवडून काढावा. रंगाचा पातळ थर उघड्या डोळ्यांना क्षुल्लक वाटतो, पण बंधन तोडावयास तेवढा पुरतो.

काही ठिकाणी इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी ‘शुद्ध अर्थ’ म्हणून वेगळा खड्डा करून तो मुख्य अर्थपासून अलग ठेवण्यात येतो. ही पद्धत सोडून द्यावी. वीज पडली किंवा मोटरमध्ये बिघाड झाला तर दोन अलग अर्थांमध्ये मोठा दाब निर्माण होतो आणि तो नेमका उपकरणावर, प्रसंगी दोन्हींना एकाच वेळी हात लावलेल्या माणसावर, येतो. खड्डे कितीही असोत, ते सर्व एकमेकांस जोडलेले असले पाहिजेत.

केबल आणि तिचे कवच

परतीचा सर्वांत चांगला पाट म्हणजे मोटरच्या केबलचे स्वतःचे धातूचे कवच. तीन फेजच्या तारा एकत्र पिळलेल्या आणि त्यांच्याभोवती तांब्याची दाट जाळी किंवा पन्हळी नळी असलेली केबल गतिनियंत्रकासाठी मुद्दाम मिळते. जाणारा प्रवाह आत आणि परतणारा त्याला वेढून बाहेर, अशी ही रचना असल्याने व्यत्यय केबलच्या बाहेर फारसा पडतच नाही. ती महाग असते. तिच्याऐवजी नेहमीची आर्मर्ड केबल वापरून तिचे पोलादी चिलखत दोन्ही टोकांना नीट जोडले, तर लाभ कमी पण निश्चित होतो. सर्वांत वाईट ती प्लॅस्टिकच्या नळीतून ओढलेल्या तीन सुट्या तारांची जोडणी. दुर्दैवाने स्वस्त म्हणून तीच अनेक ठिकाणी दिसते.

कवच दोन्ही टोकांना जोडावे लागते, गतिनियंत्रकाकडे आणि मोटरकडेही. जोडण्याची रीत कवचाइतकीच महत्त्वाची आहे. पुष्कळदा जाळी उलगडून, तिची वेणी वळून, ती एका स्क्रूखाली दाबण्यात येते. काम दिसावयास नीटनेटके दिसते. पण पाच सेंटिमीटरच्या ह्या वेणीचा अडथळा १० मेगाहर्ट्झला सुमारे ३ ओहम भरतो, आणि तेवढ्याने महागड्या केबलचा बराचसा उपयोग वाया जातो. कवचाला चोहोबाजूंनी पकडणारी धातूची ग्लँड किंवा रुंद धातूचा पट्टा वापरून ते थेट पाठपत्र्याशी किंवा मोटरच्या जोडपेटीच्या भिंतीशी दाबले गेले पाहिजे. जोडपेटीला प्लॅस्टिकची ग्लँड बसविली की हा दुवा तेथेच तुटतो. मोटरच्या केबलवर मध्येच सुरक्षा स्विच बसविलेला असेल तर त्याची पेटी धातूची असावी आणि कवच तिच्या दोन्ही बाजूंना तसेच जोडलेले असावे.

सेन्सरच्या तारेकडेही वळले पाहिजे. पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर सामान्यतः ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने बोलतो. टाकी ४ मीटर खोल असेल, तर १६ मिलिअँपिअरमध्ये ४ मीटर बसतात. म्हणजे १ मिलिअँपिअरचा व्यत्यय आला की पातळी २५ सेंटिमीटरने चुकली. इतक्या नाजूक संदेशाची तार मोटरच्या केबलबरोबर एकाच चरातून किंवा एकाच ट्रेमधून नेण्यात येते, आणि मग पंप मध्येच थांबतो याचे आश्चर्य वाटते. सेन्सरची तार पिळलेल्या जोडीची आणि कवचयुक्त असावी. मोटरच्या केबलपासून ती निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवावी. दोन्ही दूरवर समांतर जात असतील तर अंतर आणखी वाढवावे. एकमेकींना ओलांडणे अपरिहार्यच झाले तर काटकोनात ओलांडावे. गतिनियंत्रकाकडे येणारी पुरवठ्याची केबल आणि मोटरकडे जाणारी केबल ह्याही एकत्र बांधू नयेत. तसे केल्यास फिल्टरने अडविलेला व्यत्यय फिल्टरला वळसा घालून पुन्हा पुरवठ्यात शिरतो.

गळतीरक्षक पडतो तेव्हा

पुरवठ्याच्या तारांतून बाहेर जाणारा व्यत्यय रोखण्यासाठी गतिनियंत्रकात फिल्टर असतो. त्या फिल्टरमध्ये तारा आणि अर्थ यांच्यामध्ये कंडेन्सर जोडलेले असतात, आणि त्यांतून थोडा प्रवाह अर्थमध्ये सतत जात असतो. हा बिघाड नव्हे. ती फिल्टरची काम करण्याची रीतच आहे. मात्र ३० मिलिअँपिअरला पडणाऱ्या गळतीरक्षकाला बिघाडाची गळती आणि ही नेहमीची गळती यांतील भेद कळत नाही.

अशा वेळी अर्थिंगची तार सोडणे हा उपाय म्हणजे आत्मघात होय. गळतीचा प्रवाह त्यामुळे नाहीसा होत नाही. त्याची वाट तेवढी बंद होते. मग पेटीच्या आणि मोटरच्या धातूच्या अंगावर दाब चढतो आणि तेथे पुढे जो हात लागेल त्या हातातून तो प्रवाह जमिनीकडे जातो. मोटरच्या गुंडाळीचा निरोध पुढे खरोखरच खराब झाला तर पूर्ण दाब अंगावर येतो आणि स्विच पाडणारे काहीही उरलेले नसते. पंपघरात रोज जाणारा चालक बहुधा चपला काढून, ओल्या फरशीवरून वावरत असतो, हे विसरता कामा नये.

योग्य उपाय निराळे आहेत. ज्या गतिनियंत्रकाची अर्थमधील गळती ३.५ मिलिअँपिअरहून अधिक असू शकते, त्याची अर्थिंगची तार तांब्याची असल्यास निदान १० चौरस मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमची असल्यास निदान १६ चौरस मिलिमीटर जाडीची असावी, किंवा दुसरी स्वतंत्र अर्थिंगची तार जोडावी, असे आंतरराष्ट्रीय मानकात सांगितले आहे. एक तार निसटली तरी संरक्षण सुटू नये हा त्यामागचा हेतू. गळतीरक्षक वापरावयाचा असेल तर तो ‘बी’ प्रकारचा घ्यावा. घरगुती वापराचा साधा ‘एसी’ प्रकारचा गळतीरक्षक येथे उगाच पडतो एवढाच त्याचा दोष नाही; तीन फेजच्या गतिनियंत्रकातून एकदिश गळती झाली तर तो बधिर होतो आणि खऱ्या बिघाडालाही पडत नाही. पंपघर आणि शेजारची शाळा किंवा पंचायतघर एकाच गळतीरक्षकावर असेल तर जोडणी अगोदर वेगळी करून घ्यावी. आणि स्विच बंद केल्यावर लगेच पेटी उघडू नये. आतील कंडेन्सर काही काळ भारित राहतात. पुस्तिकेत दिलेली मिनिटे मोजून, मीटरने दाब तपासून मगच हात घालावा.

कंडेन्सरचा विषय निघाला आहे तर आणखी एक. शेतीच्या आणि पाणीपुरवठ्याच्या मोटरना शक्तिगुणक सुधारण्यासाठी कंडेन्सर लावण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. गतिनियंत्रक बसविताना मोटरच्या बाजूचा हा कंडेन्सर काढलाच पाहिजे. तो राहिल्यास गतिनियंत्रकाचे स्विच जळतात. पुरवठ्याच्या बाजूलाही गतिनियंत्रक मुख्यतः २५० आणि ३५० हर्ट्झचे संनादी प्रवाह सोडतो. त्यांनी ट्रान्सफॉर्मर आणि तेथील कंडेन्सर अधिक तापतात. पेटीच्या अगोदर किंवा आत योग्य मापाचा चोक असल्यास हे प्रवाह बरेच खाली येतात.

कूपनलिका आणि सौर पंप

येथवर शेजाऱ्यांचा विचार झाला. परंतु गतिनियंत्रकाचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे खुद्द मोटर. लांब केबलमध्ये दाबाची उडी लाटेसारखी धावते, मोटरपाशी आपटते आणि परतते. नळातील पाण्याच्या धक्क्याचे उदाहरण येथे अधिकच चपखल बसते. केबलमध्ये ही लाट मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर जाते. ०.१ मायक्रोसेकंदाच्या उडीसाठी सात-आठ मीटरची केबलदेखील लांब ठरते, आणि त्यापुढे मोटरच्या टोकाशी दाब दुपटीपर्यंत, म्हणजे साडेअकराशे व्होल्टच्या घरात, जाऊ शकतो. कूपनलिकेतील मोटर तर पेटीपासून शेकडो फूट खोल असते. जुनी, दोन-तीनदा गुंडाळलेली मोटर हा मारा फार दिवस सोसत नाही. अशा ठिकाणी गतिनियंत्रकाच्या बाहेरच्या बाजूस उडी सौम्य करणारा फिल्टर घ्यावा, आणि मोटर गुंडाळून घेताना ती गतिनियंत्रकावर चालणार असल्याचे कारागिरास सांगावे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कुसुम योजनेतून देशभर बसविण्यात आलेल्या सौर पंपांचा नियंत्रकही याच जातीचा असतो. त्याच्या बाबतीत सौर तावदानांकडून येणाऱ्या दोन तारा सुट्या, मोठा वेढा घालून नेल्या तर त्या रेडिओच्या आकाशतारेसारखे काम करतात. त्या एकमेकींना लगटून न्याव्यात.

मोटरची बेअरिंग काही महिन्यांतच आवाज करू लागली, बदलली आणि पुन्हा तेच झाले, तर वंगणाला दोष देण्यापूर्वी जुनी बेअरिंग फोडून पाहावी. तिच्या आतल्या वाटेवर पन्हळी पत्र्यासारख्या बारीक आडव्या रेषा दिसल्या तर व्यत्ययाचा प्रवाह शाफ्टमधून, बेअरिंगच्या गोळ्यांवाटे परत जात आहे असे समजावे. कवच आणि बंधन सुधारणे हा पहिला उपाय. निरोधित बेअरिंग किंवा शाफ्टला टेकणारा अर्थिंगचा ब्रश हा त्यानंतरचा.

निविदा काढताना

रेडिओ-व्यत्ययाच्या मोजणीच्या रीती आणि मर्यादा ठरविणारी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाली. गतिनियंत्रकांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाचे ६१८००-३ हे स्वतंत्र मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९६ ची. त्यात सी-१ ते सी-४ असे वर्ग आहेत. सी-३ हा वर्ग कारखान्यांच्या परिसरासाठी आहे. ज्या ट्रान्सफॉर्मरवरून घरांना वीज जाते त्याच ट्रान्सफॉर्मरवर गतिनियंत्रक असेल, तर तो परिसर घरगुती समजला जातो आणि तेथे सी-२, आणि तोही जाणत्या माणसाने बसविलेला, किंवा सी-१ वर्गाचे उपकरण लागते. गावातील पंपघर जवळजवळ नेहमी ह्याच प्रकारात मोडते. तथापि निविदेत अश्वशक्ती आणि व्होल्ट एवढेच लिहिण्यात येते, वर्ग लिहिला जात नाही, आणि सर्वांत कमी दराने सी-३ चे, किंवा फिल्टरच नसलेले, उपकरण येऊन पडते. पुरवठादाराचा यात दोष नसतो. त्याला विचारलेच नव्हते.

वर्ग लिहूनही एक फट राहते. फिल्टरची खात्री मोटर-केबलच्या विशिष्ट लांबीपर्यंतच दिलेली असते. पंपघर आणि मोटर यांतील प्रत्यक्ष केबलची लांबी मोजून ती निविदेत द्यावी, आणि त्या लांबीला तो वर्ग टिकतो असे लेखी घ्यावे. कवचयुक्त केबल, धातूच्या ग्लँड, बंधनाच्या पट्ट्या आणि सेन्सरच्या तारेसाठी वेगळा चर ही चारही कामे अंदाजपत्रकात स्वतंत्र बाबी म्हणून दाखवावीत. ‘इतर किरकोळ साहित्य’ ह्या सदरात ती गेली की जागेवर दिसत नाहीत. चर बुजल्यावर आणि टाकीकडे जाणारा रस्ता डांबरल्यावर केबल पुन्हा ओढण्याचा खर्च किती येतो, हे कोणत्याही कनिष्ठ अभियंत्याला सांगावयास नको.

काम ताब्यात घेताना सेन्सरचा आकडा मोटर बंद असताना आणि वेगवेगळ्या वेगांवर चालू असताना पाहावा. मोटर सुरू होताच तो हलत असेल तर जोडणी परत तपासावी. गतिनियंत्रकात स्विचची वारंवारता बदलण्याची सोय असते. मोटर शीळ घातल्यासारखी वाजते म्हणून वस्तीतून तक्रार आली की चालक ती ४ किलोहर्ट्झवरून १२ किलोहर्ट्झवर नेतो. शीळ थांबते; परंतु उड्या तिपटीने वाढल्याने न ऐकू येणारा व्यत्यय आणि अर्थमधील गळती दोन्ही वाढतात, आणि आठवडाभराने पातळीचा सेन्सर चुकू लागतो तेव्हा त्या बदलाची कोणाला आठवण राहत नाही. असा प्रत्येक बदल तारखेसह पंपघराच्या नोंदवहीत लिहावा. किनारपट्टीच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने ग्लँड आणि बंधनाचे बोल्ट गंजतात, पट्टी जागेवर दिसते पण जोड सुटलेला असतो. पावसाळा संपताच ते उघडून, घासून, पुन्हा आवळून घ्यावेत.